आगबोट आणि पाइप ऑर्गन: दाबाने घडवलेले दोन इतिहास

लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ साली ऑर्गन-कारागीर हेन्री विलिसने बांधलेला शंभर स्टॉपांचा ऑर्गन सुरू झाला, तेव्हा त्याचे भाते हलवायला तळघरात वाफेचं इंजिन होतं. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मर्सी नदीच्या गोद्या. त्या गोद्यांतून क्यूनार्ड कंपनीच्या आगबोटी तोवर पंधरा वर्षं अमेरिकेच्या फेऱ्या करत होत्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली ही दोन्ही यंत्रं एकाच अडचणीशी झगडत होती: दाब वाढवायचा कसा, आणि वाढवलेला दाब एकसारखा राखायचा कसा. आगबोट किती लांब जाणार हे त्यावर ठरलं आणि इंग्लिश ऑर्गनवर कोणतं संगीत वाजणार हेसुद्धा.

आधी एक खुलासा. संगीत नाटकामुळे आपल्याला माहीत असलेला ऑर्गन म्हणजे पायपेटी. तिच्यात पितळी सूर चौकटीच्या फटीत आरपार हलतो आणि आवाज देतो; नळी नसतेच. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी असते. एका जातीच्या, एका पोताच्या आवाजाच्या नळ्यांची खालपासून वरपर्यंत रांग म्हणजे एक स्टॉप. शंभर स्टॉप म्हणजे हजारो नळ्या. नळी किती लांब यावर स्वर ठरतो. दोन्हीकडून उघडी आठ फुटी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनं देते, सोळा फुटी सुमारे ३२, बत्तीस फुटी सुमारे १६. ही शेवटची कानापेक्षा बाकावर बसलेल्या अंगाला जास्त कळते. नळीचं वरचं तोंड बंद केलं की तीच नळी एक सप्तक खाली बोलते. त्यात जागा वाचते, धातू वाचतो. पण विषम उपस्वरच उरत असल्याने आवाज पोकळ होतो.

नळ्यांच्या खाली हवेची पेटी असते. तिच्यात भात्यातून आलेली हवा दाबाखाली भरलेली असते. पट्टी दाबली की त्या स्वराची लांबट झडप उघडते आणि जे स्टॉप ओढलेले असतील त्यांच्या नळ्यांत हवा शिरते. हवेचा दाब मोजतात तो इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीने. नळीत पाणी भरायचं, एक तोंड हवेच्या पेटीला जोडायचं, दुसरं उघडं ठेवायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढा फरक, तेवढे इंच दाब. जुन्या इंग्लिश ऑर्गनमध्ये हा आकडा तीनच्या आसपास असे.

बॉयलरचा दाब मोजायचा तो चौरस इंचावर किती पौंड अशा हिशेबात. एक पौंड दाब म्हणजे पाण्याचे सुमारे २७.७ इंच. म्हणजे ऑर्गनचा तीन इंच दाब एका पौंडाच्या नवव्या हिश्शाइतका भरतो. इंजिनियर ब्रुनेलच्या ‘ग्रेट वेस्टर्न’ या १८३८ च्या आगबोटीचा बॉयलर जेमतेम पाच पौंडांवर चालायचा. पुढच्या काळात तो मंद समजला गेला, तरी ऑर्गनच्या हवेच्या चाळीसपटीहून अधिक होता.

पायपट्ट्यांशिवाय दोनशे वर्षं

इंग्लिश ऑर्गन संगीत जर्मन संगीतापेक्षा वेगळं का वाटतं, याचं सर्वांत मोठं कारण पायांशी आहे. उत्तर जर्मनीत सतराव्या शतकातच ऑर्गनला पायांनी वाजवायच्या पट्ट्यांचा पूर्ण संच असे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तो जवळपास नव्हताच. मधल्या काळात ऑर्गनांवर संकटही येऊन गेलं होतं. यादवी युद्धात, १६४४ मध्ये, पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम दिला. १६६० मध्ये राजा परतल्यावर बर्नार्ड स्मिथ आणि रेनाटस हॅरिस या दोन कारागिरांनी इंग्लंडला नवे ऑर्गन दिले. लंडनच्या टेंपल चर्चसाठी दोघांनी एकेक ऑर्गन उभा केला आणि निकाल लागायला काही वर्षं गेली. स्मिथच्या ऑर्गनची बाजू वाजवून मांडणाऱ्यांत संगीतकार पर्सेल होता, आणि अखेर स्मिथचाच ऑर्गन राहिला.

पायपट्ट्या नसल्याने खर्जाची सगळी जबाबदारी डाव्या हातावर यायची. म्हणून इंग्लिश कारागीर हातपट्ट्याच खाली लांबवत. इतरत्र सर्वांत खालची पट्टी सा मानली, तर इंग्लंडमध्ये तिच्याही खालच्या पंचमापर्यंत पट्ट्या जात. जॉन स्टॅन्लीच्या व्हॉलंटरी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या आगेमागे वाजवायच्या ऑर्गन रचना, पाहिल्या की हे लगेच दिसतं. स्टॅन्ली लहानपणापासून अंध होता. त्याचे तीन संच १७४८ ते १७५४ या काळात छापले गेले. घाट बहुधा असा: आधी संथ भाग, डायपेसन, म्हणजे ऑर्गनच्या मूळ भरदार आवाजाच्या स्टॉपांवर. मग जलद भाग, उजव्या हातात कॉर्नेट किंवा ट्रम्पेट, डाव्या हातात बारीक साथ. कॉर्नेट स्टॉपमध्ये एका पट्टीवर पाच नळ्या एकदम बोलतात: मूळ स्वर आणि त्याचे चार उपस्वर. तो साधारण मधल्या ‘सा’पासून वरच असे, त्यामुळे तो उजव्या हाताचाच स्टॉप. छापील पानावर दोनच ओळी, कारण तिसऱ्या ओळीसाठी पाय नव्हते.

इंग्लंडने स्वतःची भरही घातली. १७१२ मध्ये लंडन ब्रिजजवळच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये जॉर्डन कारागिरांनी काही नळ्या लाकडी खोक्यात बंद केल्या आणि पुढचं झाकण पायाने वरखाली करायची सोय केली. याला स्वेल म्हणतात. ऑर्गनची नळी जोरात किंवा हळू वाजवता येत नाही. दाब बदलला की स्वरच घसरतो. त्यामुळे आवाज लहानमोठा करायचा तर नळी जशीच्या तशी ठेवून भोवतीची भिंत उघडझाप करायची, हाच मार्ग. पुढचं सगळं इंग्लिश ऑर्गन संगीत या खोक्यावर उभं आहे, असं आम्ही बेधडक म्हणू.

जर्मन संगीतकार बाखचं संगीत मात्र या वाद्यांवर नीट बसत नव्हतं. १८०८ च्या सुमारास सॅम्युअल वेस्ली आणि बेंजामिन जेकब सरे चॅपलमध्ये दोघं मिळून, चार हातांनी, बाखचे फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकापाठोपाठ अनेक आवाजांत गुंफणाऱ्या रचना, वाजवत. ते पायांसकट वाजवून दाखवून इंग्लिश श्रोत्यांची भूक वाढवली ती जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने. हा तरुण एप्रिल १८२९ मध्ये हॅम्बुर्गहून लंडनला आला तो ‘अ‍ॅटवूड’ नावाच्या आगबोटीने, आणि वाटेत इंजिन बिघडल्याने प्रवास लांबला. १८३७ मध्ये तो सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये बाखचा फ्यूग वाजवत असताना भाता हलवणारी माणसं मधेच निघून गेली आणि ऑर्गन बंद पडला. श्रोते हटत नव्हते आणि चर्चच्या सेवकांना दारं लावायची होती. १८४५ चे त्याचे सहा ऑर्गन सोनाटाही एका इंग्लिश प्रकाशकाने व्हॉलंटरी मागितल्या म्हणून घडले. त्यांत पायांना भरपूर काम आहे. याच काळात कारागीर विल्यम हिल आणि त्याचे समकालीन पूर्ण पायपट्ट्यांचे ऑर्गन बांधू लागले.

बोटांवरचं ओझं

ऑर्गन मोठा झाला, टाउन हॉलसारख्या प्रचंड जागेत गेला, की तीन इंच दाब पुरत नाही. दाब वाढवला की लगेच पट्टी जड होते. हिशेब करून पाहा. खालच्या स्वराची झडप २५ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद धरू: ६२.५ चौरस सेंटिमीटर. तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटर पाणी, चौरस सेंटिमीटरला साडेसात ग्रॅम. झडपेवर एकूण भार सुमारे ४७० ग्रॅम. तिचं एक टोक बिजागरीवर असल्याने निम्मा भार तिकडे जातो, उरलेले २३५ ग्रॅम बोटाला ओढावे लागतात. दाब दहा इंच केला की हेच ओझं ७८० ग्रॅमच्या घरात जातं. आता तीन पट्ट्यांचे मजले एकमेकांना जोडले, तर एका बोटाने सव्वादोन किलोंहून जास्त. अशाने जलद फ्यूग वाजवणं अशक्यच. झडप उघडल्याबरोबर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, म्हणून पहिला झटका जड आणि नंतर पट्टी एकदम सैल. हा धक्का बोटांना फार थकवतो.

यावरचा तोडगा चार्ल्स स्पॅकमन बार्कर या इंग्रजाने १८३० च्या दशकात शोधला. पट्टी आणि मोठी झडप यांच्यामध्ये त्याने प्रत्येक स्वरासाठी एक छोटा भाता बसवला. बोट फक्त चिमुकली झडप उघडतं. त्यातून ऑर्गनचीच हवा छोट्या भात्यात शिरते, तो फुगतो आणि मोठी झडप ओढतो. जो दाब अडचण होता तोच कामाला लागला. जितका दाब जास्त, तितका भाता जोरात ओढणार. इंग्लंडमध्ये कुणी दाद दिली नाही, तेव्हा बार्कर फ्रान्सला गेला आणि १८४१ मध्ये पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या ऑर्गनमध्ये फ्रेंच कारागीर काव्हाये-कोलने ही युक्ती वापरली. इंग्लंडला ती दहा वर्षांनी परत मिळाली. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनातल्या विलिसच्या सत्तर स्टॉपांच्या ऑर्गनमध्ये ती होती. शिवाय स्टॉपांचे ठरलेले गट एका झटक्यात बदलणारी बटणं पट्ट्यांच्या मधोमध, अंगठ्याखाली. त्या ऑर्गनचा मोठा भाग पुढे विंचेस्टर कॅथेड्रलला गेला.

समुद्राचं पाणी आणि बॉयलर

आता आगबोटीकडे. पाच पौंडांवर चालणारं इंजिन खरं तर वाफेपेक्षा पोकळीवर जास्त चालायचं. दट्ट्याच्या एका बाजूला पाच पौंड वाफ, दुसऱ्या बाजूला वाफ थंड करून केलेली बारा पौंडांच्या आसपास पोकळी. ही वाफ थंड करायची ती थेट समुद्राच्या पाण्याचा फवारा मारून. तेच खारं पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जायचं. समुद्राच्या एक टन पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात. पाणी आटतं, क्षार राहतात. म्हणून काही तासांनी उकळतं खारट पाणी समुद्रात सोडून द्यावं लागे, म्हणजे कोळशाची उष्णता सरळ पाण्यात. कॅल्शियम सल्फेटची गोष्ट आणखी वाईट: पाणी जितकं तापेल तितकं ते कमी विरघळतं आणि पत्र्यावर दगडासारखा थर बसतो. थरामागचा पत्रा पाण्यापासून तुटतो, लाल होतो, मऊ पडतो आणि फुगतो. खाऱ्या पाण्यावर दाब वाढवणं म्हणजे बॉयलर गमावणं.

कमी दाब म्हणजे जास्त कोळसा, आणि जास्त कोळसा म्हणजे प्रवाशांना जागा नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० ला सुवेझला निघाली. तिची रचना साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशासाठी होती. एडनपर्यंत अकरा दिवस लागणार होते. म्हणून खोल्यांत आणि डेकवरही कोळसा भरला. एडनला पोहोचली तेव्हा काही तासांचाच साठा उरला होता. क्यूनार्डची ‘ब्रिटानिया’ ४ जुलै १८४० ला लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बॉस्टनला निघाली. तिच्यात ११५ प्रवाशांची सोय होती आणि कोळसा सहाशे टनांहून जास्त. हा धंदा टपालाच्या सरकारी कंत्राटावर चालत होता, तिकिटांवर नव्हे.

ब्रुनेलने एक गोष्ट अचूक ओळखली होती. जहाज सर्व बाजूंनी दुप्पट केलं तर पोटातली जागा आठपट होते, पाण्याचा अडथळा मात्र साधारण चौपट. म्हणजे मोठ्या जहाजाला प्रमाणात कमी कोळसा लागतो. ‘ग्रेट वेस्टर्न’ न्यूयॉर्कला पोहोचली तेव्हा तिच्याकडे सुमारे दोनशे टन कोळसा शिल्लक होता; तिच्या काही तास आधी पोहोचलेल्या छोट्या ‘सायरस’चा साठा संपत आला होता.

खरी सुटका झाली ती पृष्ठभागी कंडेन्सरमुळे. शेकडो पितळी नळ्यांतून समुद्राचं गार पाणी फिरवायचं, वाफ नळ्यांच्या बाहेरून न्यायची. दोन्ही पाण्यांची भेट होत नाही, बॉयलरला गोडं पाणी परत मिळतं. सॅम्युअल हॉलने १८३४ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, पण ते रुळायला तीस वर्षं गेली. नळ्यांच्या टोकांची बुचं गळायची. सिलिंडरमध्ये वंगण म्हणून घातलेली चरबी वाफेबरोबर बॉयलरमध्ये येऊन आम्ल व्हायची आणि पत्रे खायची. खनिज तेलाने तो त्रास कमी झाला. काही इंजिनियर तर पत्र्यावर मुद्दाम क्षाराचा पातळ थर बसू देत, संरक्षण म्हणून.

गोडं पाणी मिळाल्यावर दाब चढू लागला, आणि नवी अडचण आली. जास्त दाबाची वाफ एकाच सिलिंडरमध्ये पूर्ण पसरवली तर ती फार थंड होते, सिलिंडरची भिंत थंड करते, आणि पुढची ताजी वाफ त्या भिंतीवरच पाणी होऊन वाया जाते. म्हणून आधी लहान सिलिंडर, मग तीच वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये. जॉन एल्डरने १८५४ मध्ये ‘ब्रँडन’मध्ये हे केलं. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने १८६६ मध्ये ‘अगॅमेम्नॉन’ साठ पौंडांवर चालवली, आणि ती वाटेत कोळसा न घेता मॉरिशसपर्यंत गेली. १८८१ मध्ये ‘अ‍ॅबर्डीन’ आली: तीन सिलिंडर, १२५ पौंड. प्लिमथहून मेलबर्न ४२ दिवसांत, मधे कोळशासाठी फक्त केपटाउनला थांबा. १९०७ ची ‘मॉरिटेनिया’ सुमारे १९५ पौंडांवर, दट्ट्यांऐवजी पार्सन्सच्या टर्बाइनवर, म्हणजे वाफेच्या झोताने गरगर फिरणाऱ्या चाकांवर. २५ बॉयलर, १९२ भट्ट्या, आणि दिवसाला हजार टनांच्या आसपास कोळसा. टर्बाइनला वेगाने फिरायला आवडतं आणि जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला सावकाश. गिअर येईपर्यंत दोघांनाही तडजोड करावी लागली.

हवा कुठून आणायची

ऑर्गनला हवा माणसं भरत. दांडा वरखाली करायचा आणि दोरीला टांगलेलं शिशाचं छोटं वजन खुणेच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. ते वजन भाता किती भरला हे दाखवतं. मोठ्या ऑर्गनला एवढ्यावर भागत नव्हतं. वाफेचं इंजिन त्यामुळेच आलं. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला विलिसचा १८७१ चा ऑर्गनही वाफेवरच होता. चर्चला हे परवडत नसे, कारण रविवारच्या प्रार्थनेसाठी काही तास आधीच बॉयलर पेटवावा लागे. तिथे शहराच्या नळाच्या दाबावर चालणारी पाण्याची इंजिनं लोकप्रिय झाली, आणि विसाव्या शतकात विजेचे पंखे.

इंजिन काहीही असो, त्याच्या प्रत्येक फटक्याला हवेत हिसका बसतो आणि लांब स्वर थरथरतो. त्यासाठी तीन भाते अशा कोनात जोडतात की एक भरताना दुसरा सोडत असतो, आणि त्यांची हवा वजन ठेवलेल्या साठ्याच्या भात्यात जाते. त्या भात्याच्या घड्यांची एक जोडी आत मिटणारी आणि एक बाहेर मिटणारी असते. दोन्ही आत मिटल्या तर भाता उतरत जाईल तसा दाब बदलतो.

जास्त दाबाने आवाजाचा पोतच बदलला. ट्रम्पेटसारख्या स्टॉपमध्ये पितळी जीभ एका पन्हळीवर आपटते आणि वर शंकूसारखी नळी घुमते. दाब जास्त असेल तर जाड जीभ वापरता येते आणि आवाज करकरीत न होता भरीव येतो. लिव्हरपूल अँग्लिकन कॅथेड्रलच्या १९२६ च्या ऑर्गनमधला ट्यूबा मॅग्ना पन्नास इंचांवर वाजतो. पौंडांत हा आकडा १.८ भरतो, म्हणजे ‘ग्रेट वेस्टर्न’च्या बॉयलरच्या निम्माही नाही.

अशा वाद्यावर सेंट जॉर्जेस हॉलमध्ये डब्ल्यू. टी. बेस्ट १८५५ पासून १८९४ पर्यंत वादक म्हणून नेमणुकीवर होता. ऑर्केस्ट्राच्या रचना ऑर्गनसाठी बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण वाद्याची रचना सॅम्युअल वेस्लीचा मुलगा एस. एस. वेस्ली याच्या सल्ल्याने झाली होती, आणि तो जुन्या पठडीचा आग्रही होता: खालच्या पंचमापर्यंतच्या लांब हातपट्ट्या, आणि असमान स्वरमेळ, ज्यात काही मोजके स्वर ‘सा’ धरले तर संगीत गोड लागतं आणि बाकीचे धरले तर खडबडीत. दूरदूरच्या स्वरांत भटकणाऱ्या ऑर्केस्ट्रा संगीताला हे मानवणारं नव्हतं. स्वरमेळ १८६७ मध्ये बदलला, हातपट्ट्या १८९८ मध्ये. इंग्लिश संगीतकार एल्गारचा १८९५ चा ऑर्गन सोनाटा ऐकला की बेस्टच्या पिढीने काय तयार करून ठेवलं ते कळतं: तो ऑर्केस्ट्रासारखा विचार करतो. वुस्टर कॅथेड्रलमध्ये तो पहिल्यांदा वाजला तो अमेरिकेहून आलेल्या ऑर्गनवादकांसाठी. म्हणजे श्रोते आगबोटीनेच आले होते.

या वाद्यांचे दोष आजही तेच. झडपेखाली धुळीचा कण अडकला की स्वर सोडल्यावरही वाजतच राहतो. चामडं वाळून तडकतं आणि छोटे भाते फुगत नाहीत. तापमान एक अंशाने वाढलं की साध्या नळ्यांचा स्वर अर्ध्या स्वराच्या शंभरातल्या तीन भागांनी चढतो, जीभवाल्या नळ्यांचा फारसा चढत नाही. हिवाळ्यात हॉल दहा अंशांनी तापवला की दोन्ही एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून ऑर्गन सुरात लावायचा तो कार्यक्रमाच्या वेळचं तापमान ठेवूनच.

ऑर्गन आणि आगबोट अगदी एकाच छताखाली यायच्या बेतात होते. ‘टायटॅनिक’ची धाकटी बहीण ‘ब्रिटानिक’ हिच्यासाठी जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा ऑर्गन बांधला. युद्ध लागलं, जहाजाचं रुग्णालय झालं, आणि २१ नोव्हेंबर १९१६ ला ते ग्रीसच्या किआ बेटाजवळ बुडालं. ऑर्गन जर्मनीतच राहिला, हातोहात फिरला आणि अखेर स्वित्झर्लंडमधल्या झेवेनच्या संगीतयंत्रांच्या संग्रहालयात आला. २००७ मध्ये दुरुस्तीसाठी उघडला तेव्हा आतल्या लाकडांवर ‘ब्रिटानिक’ अशी खूण सापडली. वेल्टेसाठी गुंडाळ्या भरणाऱ्यांत त्या काळचा सर्वांत नावाजलेला इंग्लिश वादक एडविन लेमारेही होता. त्याने १९१३ मध्ये वाजवलेलं आजही ऐकता येतं, आणि तेही पाइपांतूनच.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ब्रुनेलची ‘ग्रेट ब्रिटन’ ब्रिस्टलच्या गोदीत आहे. वाफेवर प्रवास करायचा असेल तर १९४७ पासून चालणारी ‘वेव्हर्ली’ उन्हाळ्यात क्लाइड नदीच्या मुखातून फेऱ्या करते. तिच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाशेजारून प्रवाशांना चालत जाता येतं. लहान सिलिंडरापासून मोठ्याकडे जाणारी वाफेची वाट तिथे बोट दाखवून सांगता येते.